राणी आमेलिया आणि तिचे राजरथ

गोव्यातील बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर एखादी तरी लाकडी पेटी असतेच. सणावाराच्या साफसफाईत ती खाली उतरते, वडीलधाऱ्यांच्या देखत उघडली जाते, आणि तिच्यातून विटलेला जरीचा शेला, पणजोबांची पगडी, पितळी अडकित्ता अशा वस्तू बाहेर येतात. त्यांतच कधीकधी कापडी चंचीत बांधून ठेवलेली जुनी नाणी सापडतात. १९०३ किंवा १९०४ साली पाडलेला पोर्तुगीज हिंदुस्थानचा चांदीचा रुपया त्यांत असला, तर त्यावर एका राजाचे मुख कोरलेले दिसते. तो पोर्तुगालचा राजा पहिला कार्लोस. आपण ते नाणे क्षणभर उलटसुलट करून पाहतो आणि पुन्हा चंचीत बांधून ठेवतो. हा राजा कोण, त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. आम्हीही कित्येक वर्षे तसेच करीत आलो. परंतु या राजाच्या राणीची जीवनकथा वाचनात आली, आणि ती आपल्या विद्यार्थिमित्रांना सांगावी असे वाटले. कारण जुन्या वस्तू जपण्याचे मोल जितके त्या राणीच्या आयुष्यावरून कळते, तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल.

आमेलियाचा जन्म २८ सप्टेंबर १८६५ रोजी इंग्लंडमधील ट्विकनॅम येथे झाला. ती फ्रेंच राजकुळातील कन्या. परंतु जन्म झाला तो परक्या भूमीवर. तिचे खापरपणजोबा नव्हे, तर साक्षात पणजोबा लुई फिलिप हे फ्रान्सचे शेवटचे राजे. १८४८ च्या क्रांतीत त्यांना सिंहासन सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला, आणि त्यांचे सारे कुटुंब तेथेच वाढले. १८७१ साली या कुटुंबास स्वदेशी परतण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा आमेलिया जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. राजकन्या म्हणवून घ्यावे, पण राज्य कोठेच नसावे, अशा स्थितीत तिचे बालपण गेले. वैभव म्हणजे आज आहे आणि उद्या नाही, हा धडा तिला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

२२ मे १८८६ रोजी लिस्बन शहरात पोर्तुगालचा युवराज कार्लोस याच्याशी तिचा विवाह झाला. या मंगलकार्याला एका विचित्र घटनेची किनार आहे. लग्नाआधी तिच्या वडिलांनी पॅरिसमध्ये थाटामाटाचा स्वागतसमारंभ केला. त्याचा डौल पाहून फ्रान्सच्या प्रजासत्ताक सरकारला शंका आली, की हे गृहस्थ पुन्हा राजा होण्याची स्वप्ने तर पाहत नाहीत ना! पुढच्याच महिन्यात तेथील विधिमंडळाने कायदा केला, आणि पूर्वी राज्य केलेल्या घराण्यांच्या प्रमुखांना देशाबाहेर घालविले. मुलगी सासरी गेली आणि पाठोपाठ बाप देशोधडीला लागला. राजघराण्याच्या गाजावाज्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहू लागले आहेत, हे वीस वर्षांच्या त्या नववधूला तेव्हाच उमगले असावे.

विवाहानंतर दुसऱ्याच वर्षी थोरला मुलगा लुईस फिलिप जन्मला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक कन्या झाली, पण ती जन्मल्या दिवशीच गेली. १८८९ साली कार्लोस गादीवर बसला आणि आमेलिया राणी झाली. थोड्याच दिवसांनी धाकटा मुलगा मानुएल झाला.

राणीपद तिच्या वाट्याला आले ते मोठ्या कठीण काळी. आफ्रिकेतील मुलखावरून इंग्लंडने १८९० साली पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता धाडला, आणि पोर्तुगालला मान तुकवावी लागली. हा अपमान लोकांना विलक्षण झोंबला. दोनच वर्षांनी सरकारी तिजोरीची इतकी ओढाताण झाली की कर्जाची फेड पुरतेपणी करणे अशक्य झाले. राजा विद्वान होता, उत्तम चित्रकार होता, समुद्राच्या शास्त्राची त्याला मनापासून आवड होती. राणीचे नाव दिलेल्या आपल्या आमेलिया या नौकेवरून तो खोल समुद्रातील जीवांचा अभ्यास करी. परंतु प्रजेच्या मनातील असंतोष अशा गुणांनी शमत नाही.

राणीने मात्र आपल्यापुरता एक मार्ग आखला. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी १८९२ साली एक संस्था उभी राहिली, तिच्यामागे राणीची प्रेरणा होती. आमच्या किनाऱ्यावरील ज्या घरांतील माणसे पावसाळ्याच्या तोंडी होड्या लोटतात, त्या घरांना अशा संस्थेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १८९३ साली तिने लिस्बनच्या आल्कांतरा या कामकऱ्यांच्या वस्तीत गरीब मुलांसाठी दवाखाना काढला. क्षयरोगावर तेव्हा रामबाण औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि पोटभर अन्न एवढाच काय तो उपाय. १८९९ साली तिच्या पुढाकाराने क्षयरोग्यांच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि समुद्राकाठी आरोग्यधामे उभी राहू लागली.

येथे एक गोष्ट आम्ही लपवून ठेवणार नाही. ज्या राजाच्या राजधानीत ही दयेची कामे चालली होती, त्याच राजाच्या अमलाखाली आपला गोवाही होता. १८९५ साली आफ्रिकेत लढण्यास जाण्याचे नाकारून येथील मराठा शिपायांनी बंड केले. सत्तरीचे राणे दादा राण्यांच्या नेतृत्वाखाली त्यांना मिळाले. ते बंड मोडण्यासाठी लिस्बनहून जे सैन्य आले, त्याच्याबरोबर राजा कार्लोसचा सख्खा भाऊ, म्हणजे राणीचा दीर, राजपुत्र आफोन्सो हा स्वतः आला होता. एकाच घराण्याचा एक हात औषधाची बाटली देत होता आणि दुसरा हात बंदूक रोखीत होता. इतिहास वाचताना या दोन्ही हातांकडे पाहावे लागते; एकच पाहिला तर तो इतिहास अर्धा राहतो.

आता राजरथांकडे वळू. पोर्तुगालच्या राजांच्या पागांत शेकडो वर्षांच्या जुन्या गाड्या साठल्या होत्या. लग्न, राज्यारोहण, परदेशी वकिलांचे स्वागत अशा प्रसंगी त्या बाहेर निघत. एरवी धूळ खात पडून राहत. काळ बदलत चालला होता. आगगाडी केव्हाच आली होती, आणि १८९५ साली पोर्तुगालच्या रस्त्यावर पहिली मोटारही धावली. अशा वेळी घोड्यांच्या जुन्या गाड्यांचे काय होते, हे आपण जाणतोच. सोनेरी मुलामा खरवडला जातो, मखमल फाटते, लाकडाला वाळवी लागते, आणि शेवटी उरले ते जळणाला जाते. १९०० साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जुन्या गाड्या लोकांपुढे मांडल्या होत्या. तसे काही लिस्बनमध्येही करावे, या गाड्या एकत्र आणाव्यात, त्यांची डागडुजी व्हावी आणि सामान्य माणसाला त्या पाहता याव्यात, असे राणीने मनावर घेतले.

जागाही तिने मोठी समर्पक निवडली. लिस्बनच्या बेलें या भागात राजवाड्याला लागून घोडेस्वारीची जुनी शाळा होती. तिचे बांधकाम १७८७ साली सुरू झाले होते. लांबच लांब दालन, वर रंगविलेले छत, आणि राजकुटुंबाला कसरती पाहता याव्यात म्हणून दोन्ही बाजूंस सज्जे. जेथे एके काळी घोडे दौडत होते, तेथे आता रथ येऊन उभे राहिले. याच बेलेंच्या किनाऱ्यावरून १४९७ साली वास्को द गामाची गलबते हिंदुस्थानचा मार्ग शोधीत निघाली होती, हेही आपण ध्यानात ठेवावे. २३ मे १९०५ रोजी राणीच्या हस्ते राजरथांचे संग्रहालय सुरू झाले. आरंभी तेथे २९ गाड्या होत्या. त्यांच्या जोडीला सारथ्यांचे व हुजऱ्यांचे समारंभी पोशाख, घोड्यांचे साज, लगाम, खोगिरे अशी सामग्रीही मांडली होती. राजा रथात बसतो हे सर्वांना दिसते. पण त्या रथाच्या मागे उभ्या राहणाऱ्या हुजऱ्याने कोणता अंगरखा घातला होता, हे जपून ठेवावे असे सहसा कोणाला सुचत नाही. राणीच्या संग्रहालयात त्यालाही स्थान मिळाले.

त्या रथांपैकी दोन-तीन आपण मनश्चक्षूंनी पाहू या. सर्वांत जुना रथ राजा फिलिपचा. स्पेन आणि पोर्तुगाल हे देश १५८० पासून १६४० पर्यंत एकाच राजाच्या छत्राखाली होते. त्या काळात, १६१९ साली, हा राजा पोर्तुगालला आला तो या रथातून, असे मानतात. बाहेरून हा रथ साधा, काळ्या चामड्याने मढविलेला. पण आत डोकावून पाहिले की तांबड्या वस्त्रावर जरीचे भरतकाम झळकते. त्याच्या नंतर शंभर वर्षांनी घडविलेले रथ याच्या अगदी उलट. त्यांची सारी श्रीमंती बाहेरच्या अंगावर आहे.

१७१६ साली राजा पाचवा जुआंव याने रोमला पोपकडे थाटाची वकिलात पाठविली. तिच्यासाठी रोममध्ये घडविलेल्या रथांपैकी तीन मोठे रथ या संग्रहालयात आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या माणसाएवढ्या लाकडी मूर्ती त्यांच्या मागच्या-पुढच्या बाजूंस इतक्या दाटीने बसविल्या आहेत, की हा रथ आहे की चाकांवर ठेवलेले मंदिर, असा भ्रम व्हावा. आपल्या देवस्थानांचे रथ पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्याची थोडीशी कल्पना येईल. मात्र आपले रथ देवासाठी सजतात, आणि हे सजले होते एका राजाची ऐट जगाला दाखविण्यासाठी. ही ऐट परवडली ती ब्राझीलच्या खाणींतील सोन्यामुळे, आणि ते सोने खणून काढले ते आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांनी.

या तीन रथांतील एकाच्या मागे दोन वृद्ध पुरुष हातात हात घालून बसले आहेत. एक अटलांटिक महासागर, दुसरा हिंदी महासागर. आफ्रिकेला वळसा घालून पोर्तुगीज गलबते हिंदुस्थानात आली, दोन समुद्र एकमेकांना मिळाले, असा त्याचा अर्थ. आपल्या कळंगुट-कोलव्याच्या वाळूवर ज्याच्या लाटा येऊन फुटतात, तो अरबी समुद्र या दुसऱ्या म्हाताऱ्याचेच एक अंग. आणि तो म्हातारा तेथे लिस्बनच्या दालनात सोनेरी दाढी घेऊन बसला आहे! दुसऱ्या रथावर लिस्बन नगरी देवतेच्या रूपात बसली असून तिच्या मस्तकावर मुकुट चढविला जात आहे; आणि तिच्या पायांशी आफ्रिका व आशिया या दोन खंडांच्या मूर्ती बंदिवानांच्या रूपात दाखविल्या आहेत. त्या आशियात आपणही आलोच. हे चित्र पाहून आपल्याला राग यावा हे साहजिक आहे. परंतु आम्हाला वाटते, की तो रथ राखला गेला हे चांगलेच झाले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले ते आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, याचा त्यांच्याच कारागिरांनी लाकडात कोरलेला पुरावा आता कोणालाही पुसून टाकता येणार नाही.

संग्रहालय उघडून तीन वर्षेही झाली नव्हती, तोच राणीवर वज्राघात झाला. राज्यकारभार बिघडत चालला होता. १९०७ सालापासून मुख्य प्रधान जुआंव फ्रांको हा विधिमंडळाशिवायच कारभार हाकीत होता, आणि विरोधकांची धरपकड चालू होती. १ फेब्रुवारी १९०८ रोजी राजकुटुंब व्हिला व्हिसोझा येथील वाड्यातून लिस्बनला परत येत होते. वाटेत आगगाडीचा खोळंबा झाला. मग नदी ओलांडून संध्याकाळच्या सुमारास सारे राजधानीच्या धक्क्यावर उतरले. धाकटा मानुएल आधीच लिस्बनला आला होता, तो सामोरा आला. शहरात वातावरण तापलेले असतानाही राजाने उघड्या लँडो गाडीतून जाण्याचे ठरविले. आपण भीत नाही हे लोकांना दिसावे, हा हेतू. राजा, राणी आणि दोन मुलगे असे चौघे गाडीत बसले. नदीकाठच्या मोठ्या चौकातून गाडी जात असता गर्दीतून गोळ्या सुटल्या. राजा जागीच ठार झाला. एक मारेकरी गाडीच्या पायरीवर चढला. राणीच्या हातात तेव्हा शस्त्र नव्हते, होता तो स्वागताचा फुलांचा गुच्छ. ती ताडकन उभी राहिली आणि त्या गुच्छानेच त्याला मारू लागली. आईचे हृदय त्या क्षणी आणखी काय करणार? मानुएल दंडावर जखम होऊन बचावला. वीस वर्षांचा युवराज लुईस फिलिप मात्र थोड्याच वेळात मरण पावला.

रथ जपणाऱ्या राणीच्या आयुष्याचा निर्णय असा एका रथातच लागला. त्या लँडोवर गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. ती गाडी कोणी मोडून टाकली नाही, तिची भोकेही बुजविली नाहीत. राणीने स्थापन केलेल्या संग्रहातच तिची गणना होते. सोन्याने मढविलेल्या रथांच्या मानाने ही काळी गाडी अगदी साधी. परंतु पाहणारा सर्वांत अधिक वेळ तिच्यापाशीच थबकत असेल, असे आम्हाला वाटते.

अठरा वर्षांचा मानुएल राजा झाला. पण दोनच वर्षे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. एरिसेरा या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावरून राणी, तिची सासू व मुलगा होड्यांतून नौकेवर गेले. ती नौका आमेलिया या नावाचीच होती. राजाने ज्या नावाने कौतुक केले, त्याच नावाने राणीला देशाबाहेर पोचविले. जन्म निर्वासितांच्या घरी, विवाह पित्याच्या निर्वासनाला कारण, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा निर्वासन! इंग्लंडमध्ये काही वर्षे राहून ती पुढे फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ स्थायिक झाली. १९३२ साली मानुएलही निपुत्रिक वारला. पती आणि तिन्ही मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने फ्रान्स व्यापला, तेव्हा पोर्तुगाल सरकारने तिला आश्रय देऊ केला. परंतु संकटकाळी ती फ्रान्स सोडून गेली नाही. १९४५ साली, पस्तीस वर्षांनी, तिने एकदा पोर्तुगालला भेट दिली आणि आपल्या माणसांच्या समाधींचे दर्शन घेतले. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, तिने देह ठेवला. लिस्बनच्या साँ व्हिसेंत मठात पती व मुलांशेजारी तिला चिरविश्रांती मिळाली.

आणि तिचे संग्रहालय? राजघराण्याचे नाव पुसण्यास निघालेल्या प्रजासत्ताकानेही ते मोडले नाही. उलट १९११ साली त्याला राष्ट्रीय संग्रहालय म्हणून मान्यता दिली, आणि राजवाड्यांतील व चर्चच्या मालकीच्या आणखी गाड्या त्यात आणून ठेवल्या. संग्रह इतका वाढला की जुनी जागा अपुरी पडू लागली. २३ मे २०१५ रोजी, म्हणजे स्थापनेला बरोबर ११० वर्षे झाली त्या दिवशी, समोरच बांधलेली प्रशस्त नवी इमारत लोकांसाठी खुली झाली. तिची योजना पावलो मेंदिस द रोशा या वास्तुशिल्पकाराने केली. आणि तो होता ब्राझीलचा! ज्या देशाच्या सोन्याने ते रथ मढले, त्याच देशाच्या सुपुत्राने त्यांना छप्पर दिले. काळ आपले हिशेब कधीकधी अशा सौम्य रीतीने पुरे करतो.

विद्यार्थिमित्रहो, राणी आमेलियाने आपले म्हणून जे जे जपले, ते ते सारे तिच्या हातून गेले. राज्य गेले, घर गेले, पोटची मुले गेली. पण जे तिने लोकांच्या स्वाधीन केले, ते राहिले. गोव्यातील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. तिच्याविषयी आपल्या मनात जे आहे ते असो. परंतु जपण्याची ही विद्या त्या राणीकडून शिकण्यात कमीपणा नाही. आपल्या घरांतून किती पालख्या, किती मचिले, किती पगड्या आणि शेले जळणात अगर भंगारात गेले, याची कोणी मोजदाद केली आहे काय?

म्हणून येत्या सुटीत आपल्या घरची ती पेटी खाली उतरवा. आजी-आजोबांना जवळ बसवून घ्या. ही पगडी कोणाची, हा शेला कोणाच्या लग्नातला, हा रुपया कोणाच्या कमाईचा, हे त्यांना विचारा. आणि प्रत्येक वस्तूसोबत एका कागदावर नाव व साल लिहून ठेवा. वस्तू वाळवीपासून वाचविता येते. तिची हकीकत सांगणारे माणूस गेले, की ती पुन्हा मिळत नाही.